दोन आखूड, एक लांब

१२ नोव्हेंबर

वन्सं,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. तुझ्या खोलीच्या पत्त्यावर न टाकता मुद्दाम हॉस्पिटलच्या पत्त्यावर टाकतेय, छातीच्या वॉर्डात, कारण तिथे चार नर्सांच्या देखत पत्र हातात पडलं की तुला ते न उघडता फाडता यायचं नाही. इतकं तर मी तुला ओळखते. लग्नात माझ्या आईने बजावून पाठवलं होतं की वन्संना अहोजाहो करायचं, आणि तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, अहो म्हणालीस तर ओ देणार नाही. आता अगं म्हणते तरी ओ देत नाहीस. मग माणसाने म्हणायचं तरी काय?

भांडणात मी पडत नाही. तुझ्या आईला पोचवून आल्यावर तू आप्पांना म्हणालीस, "तुमच्या भुशाने तिला खाल्लं." ते म्हणाले, "मग या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवू नकोस." तू बॅग उचललीस आणि गेलीस. बापलेक एकाच लाकडाचे, दोघंही वाकणार नाहीत. मधे भरडले जातो ते आम्ही. असो.

लिहायचं कारण वेगळं आहे, आणि ते वाचून तू मला वेड्यात काढणार आहेस. काढ. तुझी आई घरात खोकते.

मी शुद्धीवर आहे. परवा दिवेलागणीला आम्ही तिघं बाहेर ओट्यावर होतो. आप्पा त्यांच्या खाटेवर, मी तांदूळ निवडत, तुझी भाची, भिंगरी, माझ्या पाठीला पाठ लावून पाढे घोकत. तुझा भाऊ ट्रक घेऊन गेलेला, म्हणजे नेहमीसारखाच नसलेला. मागच्या पत्र्याखाली शेगडीवर डाळ होती. आणि तिथून खोकला आला. दोन आखूड, एक लांब, आणि मग पातेल्याच्या कडेवर पळी आपटल्याचा आवाज.

तुला सांगायला नको, त्या खोकल्यावर आपलं घर चालायचं. शेगडीत लाकडाचा भुसा, भुशाचा धूर, धुराने खोकला, आणि खोकल्यानंतर पळी वाजली की समजायचं, स्वयंपाक झाला. "जेवायला चला" असं सासूबाईंनी कधी तोंडाने म्हटल्याचं मला आठवत नाही. तर खोकला आला आणि आप्पा उठले, रांजणाशी जाऊन हात धुतले. मीही सवयीने सूप बाजूला ठेवलं. आप्पा हात पुसत परत आले तेव्हा आम्हा तिघांच्या एकदम ध्यानात आलं की आत कोणी नाही.

मी आत जाऊन बघितलं. डाळ शिजली होती. पळी पातेल्यात होती. ती मी तिथे ठेवली होती की नाही, हे आता शपथेवर सांगता येत नाही. आप्पा पानावर बसले आणि पोटभर जेवले. तुझी आई गेल्यापासून ते नुसतं अन्न चिवडत होते, त्या दिवशी त्यांनी भात मागून घेतला.

तू दिवसभर खोकणाऱ्या माणसांतच असतेस, म्हणून तुला विचारते. माणूस गेल्यावर त्याचा खोकला मागे राहतो का? तुमच्या पुस्तकात काही असेल तर कळव. नसेल तरी कळव.

तुझी वहिनी

ता. क. भिंगरीला जरा सर्दी आहे. बाकी सगळं ठीक.


२१ नोव्हेंबर

वन्सं,

उत्तर आलं नाही. मला वाटलंच होतं, पण लिहिल्यावाचून मला राहवत नाही आणि या गल्लीत हे बोलण्यासारखं कोणी नाही. शेजारच्या शिंपीणबाईंना सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत आपल्या दारात उतारे टाकायला माणसं जमली असती.

पुन्हा दोनदा तसंच झालं. तिन्ही वेळा शेगडी पेटलेली आणि आम्ही सगळे बाहेर. मी भित्री नाही, हे तू जाणतेस, पण तिसऱ्या वेळेनंतर मला मागच्या पत्र्याखाली पाठ करून बसवेना. म्हणून मी तू आणलेला गॅस काढला.

हो, तोच. तू पहिल्या पगारातून आणलेला. सासूबाईंनी त्यावर स्वतः भरलेला रुमाल टाकून ठेवला होता, कोपऱ्यांवर पोपट असलेला. आतापर्यंत त्याने केलंय काय तर पाहुण्यांचा चहा आणि तुझ्या भावाच्या साहेबांसाठी एकदा कॉफी. बाकी वेळ तो नव्या नवरीसारखा झाकून बसलेला. तू त्यांना म्हणायचीस, "अगं आई, हा वापरायला आणलाय." त्या म्हणायच्या, "अडीअडचणीला असू दे." मरणापेक्षा मोठी अडचण त्यांना कोणती अपेक्षित होती कोण जाणे.

त्यांचंही खोटं नव्हतं म्हणा. लाकडाच्या वखारीतून भुसा फुकट. आप्पा तिथे आऱ्यावर लाकूड कापायचे तेव्हापासूनचा तो मान, आता राखणदार झाले तरी मालक पोतं भरून देतो. सायकलला बांधून आणायचं आणि डब्यात ठासायचं. सिलिंडरचं म्हणशील तर गाडी आपल्या गल्लीत शिरत नाही, चौकात टाकून जाते. तिथून आणायला पुरुषमाणूस हवा, आणि पुरुषमाणूस ट्रकवर. शिवाय तो महिनाअखेरीलाच संपतो, जणू त्याला सांगितलेलं असतं. शिंपीणबाईंचा तर संपलेलाच असतो. गल्लीत दिसावा म्हणून त्या रिकामा सिलिंडर दारात ठेवतात आणि मागच्या दाराने फाटी पेटवतात. घरोघरी मातीच्या चुली, आपली तेवढी पत्र्याची.

तर मी गॅसवर स्वयंपाक केला. हात काळे झाले नाहीत, डोळे चुरचुरले नाहीत. अर्ध्या वेळात सगळं उरकलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. पण घर गप्प झालं. आप्पा खाटेवर बसले होते. मी जाऊन म्हटलं, "आप्पा, पान वाढलंय." ते म्हणाले, "इतक्यात?" मी म्हटलं, "झालंय सगळं." ते आतल्या दाराकडे बघत राहिले. म्हणाले, "भूक नाही."

तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी मीच चिडले. म्हटलं, "आप्पा, चव नाही का माझ्या हाताला?" मला वाटलं, म्हणतील गॅसवरचा भात मिळमिळीत लागतो, सगळे म्हातारे हेच म्हणतात. ते म्हणाले, "शेगडी पेटली की ती येते. या निळ्या जाळावर येत नाही. तुला ऐकू येतं ना गं? की मलाच येतं?"

मला येतं, हेच सांगितलं.

तुझ्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "म्हाताऱ्याचं मन मोडू नकोस. शेगडीच पेटव, तेवढाच सिलिंडरही वाचेल." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. धुरात बसायला तो थोडाच आहे.

उद्यापासून पुन्हा भुसा. तुला राग येईल. येऊ दे. उपाशी म्हातारा तू बघितलेला नाहीस.

तुझी वहिनी


७ डिसेंबर

वन्सं,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या महिन्यांनी एक ओळ, आणि तीही काय, तर "भिंगरीची छाती कुणाला तरी दाखव." ना कशी आहेस, ना आप्पा कसे आहेत. ता. क. मधली एवढीशी सर्दी तेवढी बरी दिसली तुला. नर्सच ती.

सर्दी आहे गं, थंडीची. सगळ्यांच्याच पोरांना आहे. आलं-मध देते.

इकडची खबर अशी की तुझी आई आता रोज येते. शेगडी पुन्हा सुरू केली, तेव्हा पहिले दोन दिवस काहीच नव्हतं. आप्पा वाट बघून बघून थकले आणि मलाही, खोटं कशाला सांगू, चुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या संध्याकाळी मी रांजण भरत होते आणि आतून दोन आखूड, एक लांब. पळीही वाजली. आप्पांनी हात धुतले. त्यानंतर एक दिवस चुकला नाही. मी घरभर बघते, आप्पा खाटेवर असतात, भिंगरी त्या वेळी शिंपीणबाईंच्या पोरींत खेळायला गेलेली असते. मागे कोणीही नसतं.

आता मी भीत नाही. उलट मला त्यांचा आधार वाटतो. हसू नकोस. परवा भुसा ठासताना जाळाच्या भोकासाठी मधे उभी केलेली बाटली माझ्या हातून तिरकी निघाली आणि सगळी नळी ढासळली. तुझ्या आईच्या हाताला ते वळण होतं, बाटली फिरवून अलगद वर ओढायची, मधलं भोक गुळगुळीत राहायचं, मग कितीही वेळ जळो, धूर कमीच. माझ्या हातचा डबा पहिल्यापासून धुमसतो. त्या दिवशी धुराने मला आंधळं केलं आणि मी मोठ्याने म्हणाले, "या ना, शिकवा की एकदा." कोणी आलं नाही. पण बोलल्याने हलकं वाटलं.

भुसाही हल्ली तसा नाही. वखारीत आता ओंडके कमी आणि चिकटवलेल्या फळ्याच जास्त येतात, कारखान्यातून बनून येतात त्या. त्यांचा भुसा पिठासारखा बारीक, आणि काडी लावायचा अवकाश की भस्सकन पेटतो. आप्पा खूश. म्हणाले, "रॉकेलचा बोळासुद्धा लागत नाही बघ." मात्र धूर कडवट येतो, जिभेवर बसतो. भिंगरी म्हणते, जेवणाला डिंकाचा वास येतो. त्या पोरीचं नाक तुझ्यावर गेलंय, सगळ्यांत खोड काढतं.

आप्पा दोन वेळा जेवतात. काल तर ते आतल्या दाराकडे बघून हळूच म्हणाले, "आलो गं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तू एकदा ये. संध्याकाळी ये, म्हणजे ऐकशील. आप्पांचं मी बघते.

तुझी वहिनी


१९ डिसेंबर

वन्सं,

बस. आधी बस, मग वाच. हसून हसून माझं पोट दुखलं, आणि नंतर जरा रडलेही.

काल मी शिंपीणबाईंकडे भिंगरीचा फ्रॉक टाकायला गेले. म्हटलं, भिंगरी कुठाय? बाई म्हणाल्या, "ती कुठे येते हल्ली? महिना झाला असेल, फिरकली नाही." मी तशीच मागच्या बोळातून आपल्या घराकडे आले. पत्र्याला ते भोक आहे ना, तू लहानपणी पाडलेलं, त्यातून बघितलं. तुझी भाची शेगडीशी उकिडवी बसली होती, धुरात तोंड घालून. एका हातात पळी. तिने एकदा दाराकडे पाहिलं, पदरासारखा टॉवेल डोक्यावरून घेतला, अगदी तुझ्या आईसारखा, आणि खोकली. दोन आखूड, एक लांब. मग पळी आपटली आणि मांजरासारखी बोळातून पसार. माझ्याच अंगावर येऊन आदळली.

कान धरून विचारलं, "हे काय चाललंय?" तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "आजी आली नाही तर आजोबा जेवत नाहीत. शेगडी लावली तरी ती आली नाही. मग मी झाले आजी."

सात वर्षांची पोर. घरातल्या दोन मोठ्या माणसांना जे सुचलं नाही ते तिने केलं आणि एवढे दिवस पोटात ठेवलं. कान सोडून मी तिला तिथेच बोळात जवळ घेतलं.

पण वन्सं, मग मी विचारलं, "म्हणजे पहिल्यापासून तूच?" ती म्हणाली, "नाही. पहिल्यांदा आजीच होती. मी तर तुझ्या पाठीला पाठ लावून होते ना." आणि ते खरंच आहे. मी तुला पहिल्या पत्रात तसंच लिहिलं होतं. मी घरी येऊन शेगडीकडे बघत उभी राहिले.

आता माझी अक्कल बघ. मी म्हटलं, खोकला जर भिंगरीचाच आहे, तर त्याला शेगडी कशाला हवी? आज संध्याकाळी गॅस लावला. भिंगरीला म्हटलं, "आजोबांना सांगायचं नाही. इथेच गॅसपाशी उभी राहून खोक." ती म्हणाली, "आजी गॅसपाशी नाही खोकायची." मी म्हटलं, "आजीला आता गॅसची सवय झाली, असं समज." ती खोकली. आप्पा उठले, हात धुतले, आत आले. निळा जाळ बघून दारात थबकले. मग ते म्हणाले, "यावर पण येते की." आणि बसले. दोनदा भात घेतला.

कशी वाटली वहिनी? तू पगार खर्चून जे करू शकली नाहीस ते मी एका पळीवर केलं. आता अंघोळीच्या पाण्यापुरती शेगडी, बाकी सगळं गॅसवर. म्हाताऱ्याला फसवतेय, हे कळतं मला, पण या फसवण्याने धूर जातो आणि त्याचं जेवणही राहतं. याहून स्वस्त सौदा कुठला?

तुझी वहिनी


२ जानेवारी

वन्सं,

हे पत्र मला नीट लिहिता येत नाहीये. अक्षर लावून घे.

गॅसवर आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग मला जाणवलं, की पोरगी जेवणाआधी खोकते तशी जेवताना खोकते, शाळेला जाताना खोकते. मी म्हटलं, "भिंगरे, पुरे आता. आजोबा जेवायला बसले, काम झालं तुझं." परवा अंथरुणात खोकत होती. मी वैतागून म्हणाले, "नाटक बंद कर म्हटलं ना?"

ती म्हणाली, "आई, आता मी करत नाही. आपोआप येतो."

दोन आखूड, एक लांब. तोच, वन्सं. हुबेहूब तोच. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर आत काहीतरी वाजत होतं, दाणे भरलेल्या डब्यासारखं. ती सर्दी नव्हतीच, नाही का? तुला ती ता. क. मधून दिसली आणि मला मांडीवर दिसली नाही. मी आलं-मध देत राहिले. महिनाभर ती रोज त्या डिंकाच्या धुरात तोंड घालून आजी होत होती आणि मी बाहेर बसून खूश होत होते, की बाई आल्या, आप्पा जेवले.

आज संध्याकाळचं सांगते. मी भिंगरीला ओट्यावरच माझ्याजवळ बसवून ठेवलं होतं, आत जाऊ दिलं नाही. आत गॅसवर भात. आप्पा खाटेवर आतल्या दाराकडे तोंड करून, म्हणजे आमच्याकडे पाठ. भिंगरीला उबळ आली. आप्पा न बघताच उठले, रांजणाशी गेले, हात धुतले. वळले, आणि भिंगरी त्यांच्या समोर पुन्हा खोकली. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी.

त्यांच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं. ते म्हणाले, "कोण खोकलं?"

भिंगरी म्हणाली, "मी."

"आणि त्याआधी? मी उठलो तेव्हा?"

"मीच, आजोबा. थांबतच नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगून टाकलं, टॉवेल, पळी, बोळ, गॅस. ते ओट्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता चिडतील, फसवलंत म्हणतील. ते भिंगरीला म्हणाले, "माझ्यासाठी गं?" ती मान हलवून हो म्हणाली. त्यांनी तिच्या छातीला कान लावला. किती तरी वेळ तसाच कान लावून होते. मी हे एकदाच बघितलंय. तुझी आई शेवटची पडून होती तेव्हा त्यांनी असाच कान लावला होता. तू औषध आणायला गेली होतीस, तुला माहीत नाही.

मग ते मागे गेले. उद्याच्या पाण्यासाठी मी शेगडी ठासून ठेवली होती. त्यांनी ती उचलून अंगणात आणून उपडी केली. भुशाचा गड्डा जसाच्या तसा बाहेर आला, मधे बाटलीचं भोक. तो त्यांनी पायाने फोडला आणि मग वखारीतला लाकडी हातोडा घेऊन डबा चेपत बसले. गल्लीतली माणसं दारांत येऊन उभी राहिली. शिंपीणबाई म्हणाल्या, "आप्पा, चांगला डबा होता की." आप्पा म्हणाले, "चांगलाच होता."

आत आले ते कपाळ पुसत. मला म्हणाले, "तिला लिहितेस ना तू?"

मला वाटलं होतं त्यांना ठाऊक नाही. मी म्हटलं, "लिहिते."

"लिही की भुशानेच खाल्लं."

मी त्यांच्यापुढे टॉवेल धरला. ते म्हणाले, "असंच लिही. माझे शब्द आहेत म्हणावं. आणि लिही, की पोरीला घेऊन येऊ का."

म्हणून लिहितेय. येऊ का?

तुझी वहिनी


८ जानेवारी

वन्सं,

तुझी तार म्हणावी की चिठ्ठी म्हणावी, ती एका ट्रकवाल्याच्या हाती मिळाली. "घेऊन ये. भांडण नंतर." बास, एवढंच हवं होतं. तुझा भाऊही पोचलाय. पोरीचा खोकला ऐकला आणि ओट्यावरच बसला, बूट न काढता. आज पहिल्यांदा उंटावरून शेळ्यांत उतरला.

उद्या सकाळच्या बसने निघतोय. आप्पा येत नाहीत. म्हणाले, आधी पोर बरी होऊ दे, मग मी तोंड दाखवतो. मी आग्रह केला नाही. भिंगरी विचारतेय, आत्याकडे शेगडी आहे का. मी सांगितलं, नाही. तर म्हणाली, "मग आजी तिकडे यायची नाही." मी तिची पिशवी भरायला घेतली. तुला सुचलं तर तू सांग.

तुझी वहिनी


२७ फेब्रुवारी

वन्सं,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. पोरीला श्वासाचं औषध ओढायला जमतं, पायऱ्या चढते, वॉर्डातल्या बायांशी गप्पा मारते आणि तुझ्या मैत्रिणीला "तुम्हाला पाढे येत नाहीत" असं तोंडावर म्हणाली, हे वाचून मी आणि आप्पा दोघंही हसलो. छातीत डाग राहील की जाईल ते आत्ता सांगता येत नाही, असं तू लिहिलंस. गोड बोलली नाहीस, बरं केलंस. ते वाक्य आप्पांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग उठून बाहेर गेले. तिला तुझ्याकडे ठेवून परतताना बसमध्ये मला जे वाटलं ते कागदावर येत नाही, तू समजून घे.

इकडे सगळं गॅसवर. रुमाल मी धुऊन भिंगरीच्या उशीवर घातलाय. चौकातून सिलिंडर आप्पा स्वतः आणतात, सायकलला आडवा बांधून, आणि रस्ताभर लोकांना सांगतात, "लांब राहा, भरलेला आहे." गॅस पेटवायलाही शिकले. काडी धरून तोंड पलीकडे फिरवतात, फटाका लावताना फिरवावं तसं, आणि पेटला की माझ्याकडे बघतात, शाबासकी हवी असल्यासारखे. वखारीत त्यांनी भुशाचं पोतं नको सांगितलं. मालक म्हणाला, फुकट मिळतंय तर काय झालं? हे म्हणाले, "फुकट नव्हतं."

पण घर मुकं झालंय, ते खोटं कसं सांगू? जेवायला आता मी हाक मारते. ते येतात, माझ्या धाकाने दोन घास खातात, आणि दर वेळी बसण्याआधी एक क्षण आतल्या दाराशी थांबतात. एकदा म्हणाले, "ती धुरामुळेच होती गं इथे. धूर गेला, तीही गेली." मी म्हटलं, "मग चांगलंच झालं की, सुटल्या." त्यांनी मान डोलावली. पण पान अर्धंच राहिलं.

आता आजचं. हे लिहायलाच बसलेय.

दिवेलागणीची वेळ. गॅसवर डाळ ठेवून मी ओट्यावर आले आणि तांदूळ निवडायला घेतले. आप्पा खाटेवर. भिंगरी तुझ्याकडे. तुझा भाऊ ट्रकवर. शिंपीणबाई त्यांच्या दारात मशीन चालवत होत्या, मी त्यांना बघत होते. घरात कोणी नव्हतं, वन्सं, हे मी आज शपथेवर सांगते.

आतून आवाज आला. पातेल्याच्या कडेवर पळी आपटल्याचा.

माझा हात सुपात तसाच राहिला. आम्ही दोघंही थांबलो, पुढच्या आवाजासाठी, किंवा त्याच्या आधी जो यायला हवा होता त्याच्यासाठी. शिंपीणबाईंचं मशीन थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. आतून दुसरं काही आलं नाही. मी आप्पांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि ते लहान मुलासारखे कान देऊन ऐकत होते.

"खोकली नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाही खोकल्या."

"तू ऐकलंस ना? नुसती पळी."

"नुसती पळी."

ते उठले. रांजणाशी जाऊन हात धुतले, नीट, कोपरापर्यंत. आत येऊन पानावर बसले आणि जेवले. भात मागून घेतला. जेवण झाल्यावर म्हणाले, "तिला लिही." म्हणून लगेच लिहितेय, भांडी तशीच पडली आहेत.

भिंगरी कशी आहे ते कळव. तिला रजेत घेऊन ये, तूही ये, उंबरा आप्पांनी स्वतः पुसून ठेवलाय. इकडची काळजी करू नकोस. तुझी आई आता बरी आहे.

तुझी वहिनी